आयसीयूतली सोनोग्राफी: नव्या रेसिडेंटसाठी पहिले तीन महिने

आयसीयूत आता बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीचं एक मशीन असतं. ते नीट वापरता येणारे डॉक्टर मात्र युनिटमध्ये एकदोनच, आणि ते ड्यूटीवर नसले की मशीन कोपऱ्यात चार्जिंगला लावलेलं राहतं. मग कोणीतरी वर्कशॉपला जाऊन येतं, आठवडाभर प्रत्येक पेशंटला प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) लावतं, एखाद्या राऊंडला सरांनी विचारलेल्या प्रश्नावर अडखळतं, आणि मशीन पुन्हा कोपऱ्यात जातं.

मेडिसिन, अॅनेस्थेशिया किंवा इमर्जन्सीत नुकतेच लागलेले रेसिडेंट, आणि त्यांना शिकवायची जबाबदारी अंगावर आलेले लेक्चरर, अशा दोघांसाठी हे लिहितो आहे. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये प्रोब धरायला येतो, एवढंच. खरं शिकणं त्यानंतर होतं आणि त्याला एकच अट आहे: तुम्ही काढलेली प्रत्येक क्लिप दुसऱ्या जाणकार माणसाने बघितली पाहिजे. ही सोय तुमच्या युनिटमध्ये नसेल तर आधी ती करा, मशीनचं मॉडेल कोणतं घ्यायचं ते नंतर ठरवता येईल.

पहिली पायरी: काय बघायचं, त्याहीपेक्षा काय नाही

बेडसाइड सोनोग्राफी म्हणजे रेडिओलॉजी विभागातल्या तपासणीची छोटी आवृत्ती, असं समजून बसलात तर पहिल्याच महिन्यात दमाल. तिकडे एक अवयव घेऊन त्याचं संपूर्ण वर्णन करतात. आपल्याकडे प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर "आहे", "नाही" किंवा "दिसलं नाही" यांपैकी एक असतं. हे तिसरं उत्तर फार महत्त्वाचं. ज्या युनिटमध्ये "दिसलं नाही, सर" म्हटल्यावर बोलणी खावी लागतात, तिथे रेसिडेंट न दिसलेल्या गोष्टीही दिसल्या म्हणून सांगायला लागतात. शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून टाकावं.

पहिल्या तीन महिन्यांत एवढेच प्रश्न घ्या: फुफ्फुस सरकतंय का? फुफ्फुस ओलं आहे का? छातीत किंवा पोटात मोकळं पाणी आहे का? हृदय जोरात चालतंय, बरं चालतंय की अगदीच मंद? हृदयाभोवती पाणी आहे का? हृदयाची उजवी बाजू फुगली आहे का? आणि सुई शिरेत जाते आहे का? झडपा, किडनीचा आकार, पित्ताशयातले खडे, गर्भ हे सगळं सोडून द्या. ते सांगणारे तज्ज्ञ त्याच इमारतीत आहेत, आणि पुढे तुमच्या क्लिपा तपासायला तुम्हाला त्यांचीच गरज लागणार आहे.

दुसरी पायरी: कागद

आपल्याकडे सोनोग्राफी मशीन म्हणजे फक्त वैद्यकीय उपकरण नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर तो पीसीपीएनडीटी म्हणून आपल्याला माहीत आहे. तुम्ही फक्त फुफ्फुसं बघत असलात, तरी तुमचं मशीन या कायद्यात येतं.

त्यामुळे मशीन हॉस्पिटलच्या नोंदणीत चढलेलं असावं, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" हा फलक दिसेल अशा जागी असावा. मशीन, जागा किंवा वापरणारे डॉक्टर बदलणार असतील तर ते समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. जिल्ह्यात हे काम साधारणपणे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतं, महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आयसीयूत कोण कोण प्रोब धरणार, हे तुमच्या हॉस्पिटलचे पीसीपीएनडीटीचे कागद सांभाळणाऱ्यांशी बसून लेखी ठरवून घ्या. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या आवारातच, दाखल पेशंटसाठी वापरायचं. मित्राच्या नर्सिंग होममध्ये "फक्त पाच मिनिटं" नेऊ नका.

आणखी एक. परदेशातल्या मित्राकडून मागवलेला, मोबाइलला जोडायचा खिशातला प्रोब हेही कायद्याच्या दृष्टीने सोनोग्राफी मशीनच आहे. नोंदणीशिवाय तो ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरणं म्हणजे करिअरशी खेळ. आणि पेशंट गरोदर असेल तर फॉर्म एफचा (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद) प्रश्न येतो. अशा वेळी प्रोब लावण्याआधी रेडिओलॉजीला फोन करा आणि कागद त्यांच्या पद्धतीने पूर्ण करा.

तिसरी पायरी: मशीनशी ओळख

याला दोन संध्याकाळी पुरतात, पण त्या टाळू नका. पेशंट गॅस्पिंग असताना डेप्थचं बटण शोधणारा डॉक्टर कोणालाच नको असतो.

प्रोब तीन. सरळ तोंडाचा लिनियर: जास्त फ्रिक्वेन्सी, वरवरचं बारीक दिसतं, शिरा आणि प्लुरा (फुफ्फुसावरचं आवरण) यांसाठी. वक्र तोंडाचा कर्व्हिलिनियर, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ: पोट आणि छातीची मागची बाजू. लहान चौकोनी तोंडाचा फेज्ड अॅरे म्हणजे आपला इकोचा प्रोब, बरगड्यांच्या फटीतून हृदय बघायला. युनिटला एकच प्रोब परवडत असेल तर मी कर्व्हिलिनियर घेईन. त्याने हृदयही कामापुरतं दिसतं.

बटणं चार शिका: प्रीसेट (अवयवानुसार तयार सेटिंग), डेप्थ (किती खोल बघायचं), गेन (उजळपणा), फ्रीझ (चित्र थांबवायला). बाकीची दिसली नाहीत असं समजा. नवखे लोक डेप्थ नेहमी चुकवतात. शिरेसाठी ३ ते ४ सेंटीमीटर पुरते, प्लुरासाठी ५-६, पोटाला आणि हृदयाला १५ च्या पुढे जावं लागतं. बघायची गोष्ट स्क्रीनच्या मधोमध आली पाहिजे. फुफ्फुस बघताना मशीनमध्ये स्मूदिंग आणि हार्मोनिक्स बंद करता येत असतील तर करा. पोटाच्या प्रीसेटमध्ये मशीन आर्टिफॅक्ट (प्रत्यक्ष अवयव नसलेल्या, ध्वनिलहरींमुळे उमटणाऱ्या खुणा) पुसायला बघतं आणि फुफ्फुसात आपल्याला नेमके आर्टिफॅक्टच हवे असतात.

प्रोब पेनासारखा धरा, करंगळी पेशंटच्या अंगावर टेकलेली असू द्या. सरकवणं, झुकवणं, फिरवणं, डोलवणं या चार हालचाली आहेत, एका वेळी एकच करा. दोन एकदम केल्या की इमेज कशामुळे सुधारली ते कळत नाही आणि मग ती परत सापडत नाही. मार्करचा नियम तोंडपाठ हवा: पोट आणि फुफ्फुसात उभ्या छेदाला मार्कर डोक्याकडे, आडव्या छेदाला पेशंटच्या उजवीकडे. इकोच्या प्रीसेटमध्ये स्क्रीनवरची खूण दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून तिथले नियम वेगळे. आधी एकमेकांवर हात बसवा. नॉर्मल छाती नीट डोळ्यात बसल्याशिवाय आजारी छातीकडे जाण्यात अर्थ नाही.

स्वच्छतेचं इथेच सांगून टाकतो, कारण हे कोणी शिकवत नाही. प्रत्येक पेशंटनंतर आधी जेल पूर्ण पुसायचं, मग निर्जंतुक करायचं. जेलवरच वाइप फिरवून उपयोग नाही. कोणतं द्रव्य चालतं ते कंपनीच्या यादीत असतं. सरसकट स्पिरिट वापरू नका, काही प्रोबच्या तोंडाचं त्याने नुकसान होतं. सुई टोचायची असेल तर निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेल. पाच लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटल्या पुन्हा पुन्हा भरायची पद्धत बंद करा. दूषित जेलमधून बर्कहोल्डेरियासारखे जंतू पसरल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. आणि केबल मशीनच्या चाकाखाली येत नाही ना, हे मशीन हलवणाऱ्या मामांनाही दाखवून ठेवा. माझ्या पाहण्यात मशीन बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

चौथी पायरी: फुफ्फुस

सुरुवात फुफ्फुसापासून करा. पुष्कळ ठिकाणी आधी हृदय शिकवतात, मला ते पटत नाही. हृदयाचे व्ह्यू मिळायला हात तयार लागतो. फुफ्फुसाचा व्ह्यू पहिल्याच दिवशी मिळतो, आणि आयसीयूत निर्णय लगेच बदलणारी उत्तरं तिथेच जास्त असतात.

पेशंट उताणा. लिनियर प्रोब मिड-क्लॅव्हिक्युलर रेषेवर (गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणारी रेघ), दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या जागेत उभा, मार्कर डोक्याकडे. स्क्रीनवर दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या दिसतील. त्यांच्या मधोमध, बरगडीच्या वरच्या कडेपासून साधारण अर्धा सेंटीमीटर खाली, एक लख्ख पांढरी आडवी रेघ असते. ती प्लुरल लाइन. आता हात अजिबात हलवू नका आणि तीन-चार श्वास फक्त त्या रेघेकडे बघत राहा. रेघेवर बारीक चकाकी श्वासाबरोबर डावी-उजवीकडे सरकताना दिसते, रांगेतल्या मुंग्यांसारखी. हेच लंग स्लायडिंग. दिसत नसेल तर आधी गेन कमी करा. रेघ फार पांढरी झाली की सरकणं त्यात बुडून जातं. तरीही शंका असेल तर एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारा) लावा: वर आडव्या रेघा आणि खाली वाळूसारखं दाणेदार म्हणजे सरकतंय, सगळ्याच आडव्या रेघा म्हणजे नाही.

प्लुरल लाइनच्या खाली तेवढ्याच अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे ए-लाइन्स. खाली हवा आहे एवढंच त्या सांगतात, ती हवा फुफ्फुसातली की बाहेरची ते सांगत नाहीत. प्लुरापासून निघून स्क्रीनच्या तळापर्यंत न विरता जाणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या झोतांना बी-लाइन्स म्हणतात. दोन बरगड्यांच्या मध्ये तीन किंवा जास्त असतील तर ती जागा ओली धरायची.

स्लायडिंग आहे म्हणजे त्या जागी न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) नाही, हे ठाम सांगता येतं. उलट मात्र खरं नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. स्लायडिंग नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स असेलच असं नाही: श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या नळीत) गेली असेल, पेशंट श्वासच घेत नसेल, प्लुरोडेसिस (प्लुरा मुद्दाम चिकटवणं) झालेलं असेल. आपल्याकडे जुन्या टीबीने प्लुरा चिकटलेला असणं ही तर रोजची गोष्ट. म्हणून लंग पॉइंट शोधा: प्रोब बाजूला सरकवत गेलं की एका जागी सरकणारं आणि न सरकणारं फुफ्फुस शेजारी-शेजारी दिसतं. तो सापडला की निदान झालं. आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर प्लुरा बारीक थडथडत असेल, म्हणजे लंग पल्स असेल, तर तिथे न्यूमोथोरॅक्स नाही. पेशंट कोसळत असेल तर लंग पॉइंट शोधत बसायचं नाही. ते निर्णय स्टेथोस्कोप आणि ब्लड प्रेशर बघून होतात.

आता कर्व्हिलिनियर घेऊन बाजूला आणि मागे या. इथे एकच शिस्त: आधी डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) शोधा, मगच बाकीचं. डायफ्रामच्या वर काळं असेल तर छातीत पाणी, खाली असेल तर पोटात. हे न केल्यामुळे लिव्हर आणि किडनीच्या मधलं पाणी छातीतलं समजून सुई टोचायची तयारी झाल्याचे प्रसंग घडतात. डायफ्रामच्या वर पाठीचे मणके दिसायला लागले तर मध्ये पाणी किंवा घट्ट झालेलं फुफ्फुस आहे; एरवी हवेमुळे ते दिसत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये पाण्याचा अंदाज घ्यायला एक सोपं सूत्र आहे: पेशंट उताणा, धड १५ अंश वर, श्वास सोडल्यावर तळाशी पाण्याची जास्तीत जास्त जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि २० ने गुणायची, म्हणजे मिलिलिटर मिळतात. २५ मिलिमीटर म्हणजे अंदाजे अर्धा लिटर. हा अंदाज आहे, केस पेपरवरही "अंदाजे" असंच लिहा.

फ्रान्सच्या डॅनियल लिख्तेनस्टाइन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला ब्लू प्रोटोकॉल (काय दिसलं त्यावरून निदानाकडे नेणारा तक्ता) हा या सगळ्याचा पाया आहे. श्वास लागलेल्या २६० पेशंटमध्ये सुमारे ९० टक्के वेळा त्यातून बरोबर निदान झालं. हे आकडे मुरलेल्या हातांचे आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. आणि तो तक्ता बनवताना आपले आजार डोळ्यांसमोर नव्हते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव होतो, तेव्हाही बी-लाइन्सच दिसतात. लाल विंचू चावलेल्या मुलाला पल्मनरी इडिमा (फुफ्फुसात पाणी भरणं) होतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने ज्याच्या उपचाराची दिशा बदलली तो हाच आजार. तिथे बी-लाइन्सबरोबर डावं व्हेंट्रिकलही (हृदयाचा खालचा कप्पा) मंदावलेलं दिसू शकतं. डेंग्यूत प्लाझ्मा गळायला लागला की उजव्या छातीत थोडं पाणी आणि पित्ताशयाची सुजलेली भिंत दिसते. बी-लाइन्स फुफ्फुस ओलं आहे एवढंच सांगतात. ते पाण्याने, रक्ताने की पुवाने, हे हिस्ट्रीतून येतं. दोन्हीकडे सारख्या पसरलेल्या आणि प्लुरा गुळगुळीत असेल तर हृदयाकडे बघा. मध्ये मध्ये कोरडे भाग सोडून ठिगळासारख्या आणि प्लुरा जाड, खडबडीत असेल तर न्यूमोनिया किंवा एआरडीएसकडे (फुफ्फुसांना झालेली तीव्र इजा).

पाचवी पायरी: हृदय

दुसऱ्या महिन्यापासून. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये सबकॉस्टलने (बरगड्यांच्या खालून बघून) सुरुवात करा. फुगलेली फुफ्फुसं पुढून हृदय झाकतात, खालून मात्र लिव्हरची खिडकी मिळते. प्रोब वरून मुठीत धरा, झिफॉइडखाली (छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक) जवळजवळ आडवा दाबा, मार्कर पेशंटच्या डाव्या बाजूला, डेप्थ वाढवा. मग पॅरास्टर्नल लाँग अॅक्सिस (हृदयाचा लांब छेद): डावीकडची तिसरी-चौथी जागा, स्टर्नमला (छातीच्या मधल्या हाडाला) खेटून, मार्कर उजव्या खांद्याकडे. तिथून मार्कर डाव्या खांद्याकडे येईपर्यंत नव्वद अंश फिरवलं की शॉर्ट अॅक्सिस. एपिकल (हृदयाच्या टोकाकडून) सर्वांत शेवटी. तो जमत नाही म्हणून रडू नका, कोणालाच लवकर जमत नाही.

इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या व्हेंट्रिकलमधलं किती रक्त बाहेर पडतं) टक्क्यांत सांगायचा मोह आवरा. "चांगलं", "कमी", "फारच कमी" एवढ्यावर निर्णय होतात. भिंती आत येतात का, आत येताना जाड होतात का, आणि मायट्रल झडपेचं पुढचं पान सेप्टमजवळ (दोन व्हेंट्रिकलमधली भिंत) जातं का, या तीन गोष्टी बघा. उजवं व्हेंट्रिकल एपिकल व्ह्यूमध्ये डाव्याच्या दोन तृतीयांशापेक्षा मोठं दिसलं तर फुगलेलं धरा. पण त्याची भिंत ५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर दुखणं जुनं आहे, चुलीच्या धुराने किंवा बिडीने सीओपीडी झालेल्या पेशंटमध्ये असतं तसं. लगेच पल्मनरी एम्बॉलिझम (फुफ्फुसात अडकलेली गुठळी) म्हणून थ्रॉम्बोलिसिसची (गुठळी विरघळवायच्या औषधाची) तयारी करू नका, पायाच्या शिराही दाबून बघा.

हृदयाभोवतीचं पाणी की डाव्या छातीतलं, हा गोंधळ लाँग अॅक्सिसमध्ये सुटतो. हृदयामागे डिसेंडिंग एओर्टाचा गोल दिसतो. पाणी त्या गोलाच्या पुढून, हृदय आणि एओर्टाच्या मधून गेलं तर पेरिकार्डियममधलं. गोलाच्या मागे राहिलं तर प्लुरातलं.

आता आयव्हीसी, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर. याबद्दल माझं मत जरा कडू आहे. नव्या रेसिडेंटला सगळ्यांत आधी हेच शिकायचं असतं, कारण शीर बारीक तर सलाईन द्या, जाड तर थांबवा, असं सोपं गणित कुणीतरी सांगितलेलं असतं. स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये २.१ सेंटीमीटरपेक्षा कमी आणि श्वासाबरोबर निम्म्याहून जास्त मिटणारी असेल तर उजव्या एट्रियमचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) दाब कमी. त्यापेक्षा जाड आणि कमी मिटणारी असेल तर जास्त. इथपर्यंत ठीक. दाब कमी म्हणजे सलाईनची गरज आहे, ही पुढची उडी मात्र पुष्कळदा चुकते. व्हेंटिलेटरवर तर गणितच उलटतं: आत ढकललेल्या श्वासाबरोबर शीर फुगते. शिवाय शेजारच्या एओर्टालाच आयव्हीसी समजण्याची चूक होते. उजव्या एट्रियममध्ये उघडताना आणि हेपॅटिक व्हेन (लिव्हरची शीर) मिळताना दिसल्याशिवाय तिला आयव्हीसी म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत आयव्हीसीवरून एकट्याने सलाईनचा निर्णय घ्यायचा नाही, असा युनिटचा नियमच करा.

सहावी पायरी: सुई

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) सोनोग्राफीखाली घालावी असं ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००२ मध्येच सांगितलं. पण सुईचं टोक दिसत नसेल, तर सोनोग्राफीखाली टोचणंही आंधळंच. आणि टोक बघायची सवय पेशंटवर लावायची नसते.

त्यासाठी फँटम (टोचायच्या सरावासाठी नकली मांस) बनवा. विकतचे महाग असतात. किराण्याच्या सामानात उत्तम होतो. एक लिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन आणि दोन मोठे चमचे सत इसबगोल, गुठळ्या न होऊ देता ढवळायचं. इसबगोलमुळे स्क्रीनवर मांसासारखं दाणेदार दिसतं. नुसतं जिलेटिन काळंभोर येतं आणि त्यात सुई फारच सहज दिसते. वरचा फेस काढून टाका, नाहीतर बुडबुडे पांढरे चमकत राहतात. अर्धं मिश्रण डब्यात ओतून घट्ट होऊ द्या, त्यावर रंगीत पाणी भरलेला लांबट फुगा, आत हवा न ठेवता, आडवा ठेवा आणि उरलेलं ओता. रात्रभर फ्रिजमध्ये. फ्रिज घरचा असेल तर डब्यावर चिठ्ठी लावा, कोणीतरी जेली समजून चमचा घालतं.

शॉर्ट अॅक्सिसमध्ये (शिरेच्या आडव्या छेदात) सुईचा जो पांढरा ठिपका दिसतो तो टोकाचाच असेल असं नाही, दांड्याचाही असू शकतो. म्हणून आधी प्रोब किंचित पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होऊ द्या. मग सुई पुढे, ठिपका पुन्हा दिसेपर्यंत. पुन्हा प्रोब. असं पायरी-पायरीने शिरेच्या मधोमध पोचायचं. डोळे स्क्रीनवर, म्हणून स्क्रीन सुईच्या दिशेने, समोर ठेवा; मान वळवून टोचू नका. खऱ्या पेशंटवर टोचण्याआधी शीर दाबून बघा: मिटते ती शीर, मिटत नाही आणि उडते ती धमनी, मिटतही नाही आणि उडतही नाही तर आत गुठळी असेल. गाइडवायर (सुईतून घालायची बारीक तार) घातल्यावर ती शिरेतच आहे हे लांब छेदात बघा आणि मगच डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) हातात घ्या. ही दहा सेकंदं कोणी वाचवायची नाहीत.

सातवी पायरी: वही आणि शुक्रवारचा तास

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि शिक्षणही यातच होतं.

प्रत्येक स्कॅनची क्लिप साठवा, तीन ते सहा सेकंदांची, पेशंटचं नाव काढून. वहीत किंवा शीटमध्ये लिहा: तारीख, प्रश्न, कोणता व्ह्यू मिळाला, काय वाटलं, आणि एक रकाना रिकामा सोडा, "खरं काय निघालं" यासाठी. सीटी, एक्स-रे, कार्डिऑलॉजिस्टचा इको किंवा टॅपिंगमध्ये निघालेलं पाणी बघून तो नंतर भरायचा. हा रकाना भरला की आपण कुठे चुकतो ते आपोआप दिसायला लागतं. क्लिपा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या असतील तर कोपऱ्यातलं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर झाकलेले हवेत. चेहरा दिसणारा फोटो तर नकोच.

आठवड्यातून एक तास ठरवा. शुक्रवारी दुपारी राऊंडनंतर, चहा घेऊन, असा आमच्याकडचा रिवाज आहे. प्रत्येकाने दोन क्लिपा आणायच्या: एक आवडलेली, एक न समजलेली. तपासणारा रेडिओलॉजिस्ट, कार्डिऑलॉजिस्ट किंवा मुरलेला इंटेन्सिव्हिस्ट असावा. छोट्या हॉस्पिटलात असं कोणी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजशी बोलून ऑनलाइन तास ठरवा. क्लिपा मोबाइलवर जातात, त्यामुळे अंतराचं कारण आता चालत नाही. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या शाखांमध्येही शिकवणारे भेटतात.

किती स्कॅन केले म्हणजे आलं? अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांची संघटना प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५० तपासलेले स्कॅन म्हणते. क्रिटिकल केअरमधल्या प्राथमिक इकोसाठी २०११ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुमारे ३० चा आकडा दिला. हे आकडे परीक्षेला बसायची पात्रता समजा. पन्नास नॉर्मल छात्या बघून न्यूमोथोरॅक्स ओळखता येत नाही, म्हणून आकड्याबरोबर काय काय बघितलं तेही मोजा. शेवटी शिकवणाऱ्याने शेजारी उभं राहून, एक शब्द न बोलता, अनोळखी पेशंटवर स्कॅन करून घ्यावा आणि विचारावं: आता काय बदलणार? उत्तर "काहीच नाही" असेल तर स्कॅन कशाला केला, हाही प्रश्न विचारावा.

केस पेपरवर काय लिहायचं

"यूएसजी डन, नॅड" (सोनोग्राफी केली, काही सापडलं नाही) असं लिहू नका. चार ओळी पुरतात:

प्रश्न: इंट्यूबेशननंतर डावीकडे हवा जात नाही, न्यूमोथोरॅक्स आहे का?
दिसलं: उजवीकडे पुढे स्लायडिंग आहे. डावीकडे नाही, पण लंग पल्स आहे.
अर्थ: डावीकडे पुढे न्यूमोथोरॅक्स नाही, ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये गेली असावी.
केलं: ट्यूब २ सेंमी मागे घेतली, डावीकडे स्लायडिंग परत आलं. मागची बाजू बघितलेली नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. काय बघितलं नाही ते लिहिलं की सकाळच्या टीमला कुठून सुरू करायचं ते कळतं. नातेवाईक "सोनोग्राफी झाली, रिपोर्ट द्या" म्हणतात, तेव्हा ही विभागातली पूर्ण सोनोग्राफी नव्हती, एका प्रश्नासाठी बघितलं, असं सरळ सांगा.

सर्वांत शेवटी शिकायचं: कार्डियाक अरेस्ट

मॉनिटर सपाट झाला की सगळ्यांत आधी प्रोब घेऊन धावणारा रेसिडेंट उत्साही असतो, पण तो आड येतो. नाडी तपासायला मिळतात फार तर १० सेकंदं, आणि प्रोब मध्ये आला की ती सहज लांबतात. तेवढा वेळ पेशंटच्या मेंदूला रक्त जात नाही.

म्हणून इथे काम वाटून घ्यावं लागतं. प्रोब धरणारा कोड (हृदय पुन्हा सुरू करायचे प्रयत्न) चालवणारा नसावा. कॉम्प्रेशन (छाती दाबणं) चालू असतानाच प्रोब सबकॉस्टल जागी टेकवून ठेवा, डेप्थ लावून घ्या. थांबल्याबरोबर रेकॉर्ड दाबा. एक सिस्टर घड्याळ बघून मोठ्याने दहापर्यंत मोजतील. दहा म्हटलं की प्रोब उचलायचा, व्ह्यू मिळालेला असो वा नसो. छाती दाबायला पुन्हा सुरुवात झाल्यावर क्लिप बघायची: हृदयाभोवती पाणी आहे का, उजवी बाजू फुगली आहे का, स्नायू हलतोय का. याचा सराव मॅनेक्विनवर स्टॉपवॉच लावून करा, आणि ज्याचे दहाचे बारा होतात त्याला अजून खऱ्या कोडमध्ये प्रोब देऊ नका.